साडेआठची वेळ : जिमची धास्ती घेतलेल्या एका नवशिकीचं प्रकरण

हे प्रकरण नागपुरातलं आहे. ज्यांचं आहे त्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघा, कंबर, खांदा दुखतो म्हणून येणाऱ्यांना व्यायाम सांगणं हे माझं रोजचं काम. त्यांना जिमचं नाव काढलं की अनेकांचा चेहरा उतरतो. घरचे त्याला आळस म्हणतात. या प्रकरणात आळस कुठेच नव्हता, तरी जिम सुटली होती. ती का सुटली आणि परत कशी धरली गेली, हे नीट मांडावं म्हणून हा खटाटोप.

पार्श्वभूमी

वर्षाताई ४४ वर्षांच्या. एका पतसंस्थेत लिपिक. घर त्रिमूर्तीनगरकडे. घरात नवरा, सासूबाई, बारावीतली मुलगी आणि आठवीतला मुलगा. पहाटे नळ आला की पाणी भरायचं, चार डबे करायचे, सासूबाईंचा चहा-नाश्ता उरकायचा आणि स्कार्फ बांधून, स्कूटी काढून साडेदहाला ऑफिस गाठायचं.

डिसेंबरात केलेल्या रक्ततपासणीत त्यांचं एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ६.१ टक्के आलं. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या आधीचा टप्पा मानतात. वजन ७४ किलो. डॉक्टरांनी गोळी सुरू केली नाही; वर्षभर आहार आणि व्यायाम सांभाळा, मग बघू, असं सांगितलं. हा सल्ला योग्यच होता. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांनी खाणं आणि हालचाल सुधारली तेव्हा त्यांच्यात मधुमेह होण्याचा धोका २८ टक्क्यांच्या आसपास कमी झाला होता.

वर्षाताईंनी सल्ला मनावर घेतला. जानेवारीत घराजवळच्या जिममध्ये नव्या वर्षाची ऑफर होती: वर्षाचं पॅकेज घेतलं तर अॅडमिशन फी माफ. ऑफिसातली एक मैत्रीणही तयार झाली. दोघींनी संध्याकाळची वेळ घेतली आणि वर्षाचे पैसे भरून टाकले. जेमतेम दोन आठवड्यांत मैत्रिणीनं जाणं सोडलं, मग वर्षाताईंनीही. जूनमध्ये त्या माझ्याकडे आल्या त्या जिमसाठी नव्हे, जिने चढताना उजवा गुडघा दुखतो म्हणून. एक्स-रेत झीज अगदी सुरुवातीची होती. मांडीचे स्नायू मात्र फार अशक्त होते. अशा गुडघ्याला स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम लागतोच. तो जिममध्ये सोयीनं होईल, असं म्हणताच त्या गप्प झाल्या.

नेमकी अडचण

पहिलं उत्तर ठरलेलं होतं: "वेळच नाही मिळत, मॅडम." मी वेळेचा विषय बाजूला ठेवला आणि जिममधला शेवटचा दिवस सुरुवातीपासून सांगायला लावला. अशा वेळी ‘भीती वाटते का?’ असं विचारलं तर माणूस ‘नाही’ म्हणतो. एक दिवस सांगायला लावला की सगळं आपोआप पुढे येतं.

त्या दिवशी मैत्रीण आली नव्हती. वर्षाताई ट्रेडमिलवर चालत होत्या. एका मुलानं विचारलं, "आंटी, झालं का तुमचं?" झालं नव्हतं, तरी त्या हो म्हणून उतरल्या. मग पाण्याची बाटली हातात धरून भिंतीशी उभ्या राहिल्या. ट्रेनरनं पहिल्या दिवशी दिलेला व्यायामाचा कागद पिशवीत होता, पण तो सगळ्यांसमोर काढून वाचायची लाज वाटली. लेग प्रेस रिकामं दिसलं म्हणून त्यावर बसल्या. सीट लांब होती. ती पुढे कशी घ्यायची ते माहीत नव्हतं. आधीच्या माणसानं दोन्ही बाजूंच्या वजनाच्या प्लेट तशाच सोडल्या होत्या. पायानं ढकललं, काहीच हललं नाही. मागे कोणीतरी हसलं. ते यांना हसले की आपापसात, देव जाणे. त्या उठल्या, पिशवी घेतली आणि घरी आल्या.

"मॅडम, तिथे गेले न, तर सगळे माझ्याकडेच पाहून राहिले असं वाटते. चाळीशी ओलांडलेली बाई, असे कपडे घालून काय करून राहिली, असं."

आणखी एक गोष्ट त्यांनी जाता जाता सांगितली, पण माझ्या मते तिनंच सगळ्यात जास्त नुकसान केलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मैत्रिणीच्या बरोबरीनं उठाबशा मारल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जिना उतरवेना, तिसऱ्या दिवशी त्याहून वाईट. आपल्या शरीरात काहीतरी बिघडलं, आपलं वय या कामाचं नाही, असं त्यांनी मनाशी धरलं. सवय नसलेल्या स्नायूंना पहिल्यांदा काम दिलं की २४ ते ७२ तासांत दुखणं वाढतं आणि मग आपसूक ओसरतं, ही साधी गोष्ट कोणी त्यांना सांगितलीच नव्हती.

हे सगळं एकाच ‘भीती’च्या गाठोड्यात बांधलेलं होतं, ते सोडवणं गरजेचं होतं. एक भाग निव्वळ न कळण्याचा: मशीन, पिन, सीट, दुखणं. दुसरा शरीर आणि कपड्यांच्या संकोचाचा. तिसरा लोक बघतात या समजाचा. आणि चौथा खराखुरा त्रास: घाई करणारे, न विचारता शिकवणारे, प्लेट न उचलणारे. ‘मनावर घेऊ नका’ एवढ्यानं यातलं काहीच सुटत नाही, आणि चौथ्या भागाला तर तो सल्ला अन्यायाचाच आहे.

समोरचे पर्याय

घरी व्यायाम हा पहिला विचार. तो त्यांनी आधीच करून पाहिला होता. हॉलमध्ये चटई टाकली की सासूबाईंची टीव्हीची वेळ, मुलाचा अभ्यास, दारावरची बेल. घरात बाई जमिनीवर बसलेली दिसली की ती मोकळी आहे असं सगळे धरून चालतात.

बागेतलं ग्रीन जिम फुकट आणि घराजवळ. चालण्यासाठी उत्तमच. पण तिथल्या बहुतेक यंत्रांवर आपल्याच वजनाचा भार असतो, तो हळूहळू वाढवत नेता येत नाही. गुडघ्यासाठी मांडीची ताकद वाढवायची तर भार वाढवता यायला हवा. शिवाय पावसाळा दारात होता.

फक्त बायकांची जिम धरमपेठेकडे होती. तिथे जाऊन-येऊनच पाऊण तास. जवळच्या जिममधली लेडीज बॅच दुपारी. नोकरी करणाऱ्या बाईला दुपारची बॅच काय कामाची? ही वेळ कोणाच्या सोयीनं ठरते, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

पर्सनल ट्रेनिंगची फी महिन्याच्या खर्चात बसणारी नव्हती, आणि परका मुलगा हात धरून शिकवणार याचाही संकोच होता.

राहिला पर्याय त्याच जिमचा, पण वेगळ्या वेळेचा. संध्याकाळी सहानंतर तिथे खचाखच गर्दी. सकाळी सहा ते आठ तेच. साडेआठनंतर मात्र कॉलेजची मुलं निघून जातात आणि दहापर्यंत जिम अर्धीअधिक रिकामी असते. हे आम्हाला अंदाजानं कळलं नाही. वर्षाताईंच्या मुलीनं दोन वेगवेगळ्या दिवशी काउंटरवर जाऊन विचारलं. साडेआठ ते सव्वानऊ, तिथून घर, आंघोळ, साडेदहाला ऑफिस. डबे आठपर्यंत आटोपले तर हे बसत होतं. पॅकेजचे सहा महिनेही शिल्लक होते. पैसे बुडाले म्हणून त्यांनी ते मनातून काढून टाकले होते.

काय केलं

पहिल्या दिवशी व्यायाम करायचाच नाही, असं ठरलं. हा निर्णय मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वर्षाताई रोजच्या पंजाबी ड्रेसमध्ये गेल्या आणि फ्लोअरवरच्या ट्रेनरला म्हणाल्या, "मला आज फक्त मशीन समजून घ्यायच्या आहेत." सीट कुठल्या खटक्यानं मागेपुढे होते, पिन कुठल्या भोकात घातली की किती किलो होतात, ट्रेडमिलची सुरक्षा क्लिप कपड्याला कशी अडकवायची, लाल बटण कुठे आहे, नॅपकिन कुठे ठेवायचा, बाथरूम कुठे. वीसेक मिनिटं लागली. ट्रेनर मुलगा चांगला होता. त्याला आजवर असं कोणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या वेळी दोनच मशीन आणि दहा मिनिटं ट्रेडमिल, ताशी साडेचार किलोमीटरच्या चालीनं. मग आठवड्याला एखादा प्रकार वाढवत गेलो. लेग प्रेस, खुर्चीच्या उंचीपर्यंतची बैठक, सीटेड रो (बसून वजन पोटाकडे ओढणं), चेस्ट प्रेस (छातीपासून वजन पुढे ढकलणं), लॅट पुलडाउन (वरचा दांडा खाली ओढणं). प्रत्येकाचे दोन सेट, सेटमध्ये दहा ते बारा रेप्स, म्हणजे तेवढ्या वेळा तीच हालचाल, आणि आणखी दोन-तीन सहज निघतील असं वाटत असतानाच थांबायचं. आठवड्यातून तीन दिवस. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम आहे. तिथवर एकदम उडी मारायची नाही, हे आधीच बोलून ठेवलं होतं. बीपी आणि ईसीजी त्यांच्या डॉक्टरांनी आधी पाहून घेतले होते.

कपड्यांवर आम्ही बराच वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. जानेवारीत त्या कुर्ता आणि ओढणी घालून मशीनवर बसत होत्या. ओढणी मशीनमध्ये अडकण्याची भीती खरी असते. आता कमरेखाली येणारा सैल सुती टी-शर्ट, ट्रॅक पँट, नीट बसणारी स्पोर्ट्स ब्रा आणि जिमपुरते वेगळे बूट. स्पोर्ट्स ब्राबद्दल आपल्याकडे कोणी उघड बोलत नाही, पण ट्रेडमिलवर बाईला अवघडल्यासारखं होण्याचं ते निम्मं कारण असतं. गल्लीतून जाताना टी-शर्टवर लांब कुर्ता, जिममध्ये पोचल्यावर तो काढायचा. काचेच्या बांगड्यांवरून घरात जरा ताणलं. "मोकळ्या हातानं बाहेर जाते का?" असं सासूबाई म्हणाल्या. काच फुटून हाताला लागेल हे वर्षाताईंनी समजावून सांगितलं आणि धातूची एकेक बांगडी ठेवली. वाद तिथेच मिटला.

लोक बघतात, या समजाशी मी वाद घातला नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा प्रयोग त्यांना सांगितला. विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवलं होतं. खोलीतल्या साधारण निम्म्यांनी ते चित्र ओळखलं असेल असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात जवळपास पाव लोकांनीच ओळखलं. वर्षाताईंना हे फारसं पटलं नाही. "ते तिकडचं झालं," असं त्या म्हणाल्या. मग पुढच्या भेटीत मी विचारलं, काल तुमच्या बाजूच्या ट्रेडमिलवर कोण होतं? बाई होती. कपडे कुठल्या रंगाचे? आठवेना. वजन जास्त होतं की कमी? तेही आठवेना. "तिनं तुमचं काय पाहिलं असेल?" त्या बराच वेळ हसत राहिल्या. प्रयोगापेक्षा हे जास्त कामी आलं.

खऱ्या त्रासासाठी काही वाक्यं तयार ठेवली. कोणी घाई केली तर: "माझा एक सेट राहिला आहे, मग घ्या." मशीन अडलं असेल तर: "किती सेट राहिले तुमचे? मधे घेऊ का?" प्लेट तशाच असतील तर ट्रेनरला हाक मारून काढायला सांगायच्या, ते त्याचं काम आहे. न विचारता शिकवायला आलेल्याला: "माझा प्रोग्रॅम ठरलेला आहे." ही वाक्यं त्यांनी माझ्यासमोर मोठ्यानं म्हणून पाहिली. पहिल्यांदा आवाज घशातच अडकला. जिममध्ये नेहमी येणारे लोक हीच वाक्यं एकमेकांना दिवसभर म्हणत असतात, हे त्यांना आठवड्याभरात दिसलं.

उत्साह टिकवायचा म्हणून वजनकाट्यावर उभं राहायचं नाही, असं पहिल्या तीन महिन्यांपुरतं ठरवलं. सुरुवातीच्या आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि स्नायूंचा ताळमेळ सुधारल्यामुळे. काटा तेव्हा जागचा हलत नाही, आणि त्याच्याकडे बघून माणूस खचतो. त्याऐवजी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर जिमच्या दिवशी फुली, आणि त्याच चौकोनात लेग प्रेसचे किलो. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. कठडा न धरता जिना चढता आला तो दिवस वर्षाताईंनी लाल शाईनं लिहून ठेवला आहे.

महालक्ष्म्या आणि नवतपा

पहिला मोठा खंड भाद्रपदात महालक्ष्म्यांचा. घरी तीन दिवसांचा सण, त्याआधीची साफसफाई, फराळ, पाहुणे. जिम थांबणार हे उघड होतं. इथे दोन मार्ग होते: कसंबसं जायचा प्रयत्न करून अपराधी वाटून घ्यायचं, किंवा सुट्टी आधीच मान्य करायची. आम्ही दुसरा घेतला, पण एका अटीवर. परत जायचा दिवस सण सुरू होण्याआधी कॅलेंडरवर लिहायचा आणि त्या दिवशी निम्मंच वजन, एकेकच सेट करायचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ माणसागणिक १८ ते २५४ दिवस असा पसरलेला होता, निम्म्या लोकांना ६६ दिवसांच्या आत जमलं होतं. आणि एखादा दिवस चुकल्यानं सवय मोडत नव्हती. त्या ठरलेल्या दिवशी वर्षाताई गेल्या. दिवाळीलाही हेच केलं.

खरी कसोटी उन्हाळ्यात लागली. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. सव्वानऊला जिममधून निघायचं तर ऊन आधीच चटके देत असतं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर आला होता. जिम थांबवायची, की सकाळी सहाच्या गर्दीत जायचं? गर्दी टाळण्यासाठीच तर साडेआठची वेळ धरली होती. शिवाय सहाला नळाची वेळ.

मी थांबा असं सांगितलं असतं तर त्या थांबल्याही असत्या. मी एवढंच म्हटलं की आठवडाभर सहाला जाऊन पाहा, नाही जमलं तर जूनपर्यंत घरी खुर्चीची बैठक करू. पाणी भरायचं काम मुलीनं आणि नवऱ्यानं वाटून घेतलं. पहिल्या सकाळी लेग प्रेसवर तीन मुलं उभी होती. वर्षाताईंनी विचारलं, "मधे घेऊ का?" त्यांनी जागा दिली आणि न सांगता प्लेटही काढल्या. जानेवारीत जे माणसांचं भय वाटत होतं, त्यातलं बरंचसं मशीनचं होतं, हे तेव्हा त्यांनाही कळलं आणि मलाही नीट दिसलं.

परिणाम

वर्षभरानं एचबीएवनसी ५.८. म्हणजे टप्पा तोच, पण दिशा बरी. वजन साडेसत्तर. गोळी अजून नाही. जिने चढताना गुडघा दुखत नाही. पाटावर बसून उठताना मात्र अजून दुखतो, त्यावर काम चालू आहे. पावसाळा लागल्यावर वेळ पुन्हा साडेआठची झाली. आरशासमोरच्या डंबेल रॅकपाशी त्या आता जातात, संध्याकाळी मात्र जात नाहीत, आणि जायची गरजही नाही. लहान मुलाच्या आजारपणात दोन आठवडे सुटले, तेव्हाही परत जायचा दिवस त्यांनी स्वतःच लिहिला. मला नंतर कळलं.

वेगळं काय करता आलं असतं

घरच्यांना वेळेच्या ठरावात आधीपासून घ्यायला हवं होतं. पाणी भरायची वाटणी मे महिन्यात झाली, ती जानेवारीतच झाली असती तर संध्याकाळच्या गर्दीत जावं लागलंच नसतं. बाईच्या व्यायामाची वेळ तिनंच तिच्या कामांतून चोरायची, असं घराघरांत गृहीत धरलेलं असतं. इथे नवरा आणि मुलगी तयार होते, त्यांना कोणी विचारलं नव्हतं एवढंच.

मैत्रिणीबरोबर जाणं चांगलंच, पण सगळा डोलारा तिच्यावर उभा होता. दोघींपैकी एक आली नाही तर दुसरीनं काय करायचं, हे ठरलेलं नव्हतं.

जिमची बाजूही यात मोठी आहे. नव्या माणसाला कागद हातात देऊन सोडून दिलं की तो कागद पिशवीतच राहतो. वर्षाताईंच्या जिममध्ये आता नव्या सदस्याला पहिल्या दिवशी मशीन दाखवतात, निदान सकाळच्या पाळीत तरी. संध्याकाळी माणसं कमी पडतात असं मालक सांगतात. मला ते पुरेसं कारण वाटत नाही, कारण नवे लोक बहुतेक संध्याकाळीच येतात.

आणि वर्षाचं पॅकेज घेण्याआधी महिनाभराची फी भरून पाहायला हवी होती, ती थोडी महाग पडली असती तरी. आता कोणी मला विचारलं तर मी काउंटरवर पैसे काढण्याआधी हे विचारायला सांगते: पहिल्या दिवशी मशीन कोण समजावून देणार? कुठल्या वेळी गर्दी सगळ्यात कमी असते? फ्लोअरवर ट्रेनर किती वाजेपर्यंत असतो, आणि बाई ट्रेनर आहे का? बायकांना कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली आहे का? आजारपण किंवा सणवार आला तर पॅकेज काही दिवस थांबवून मिळतं का, आणि ते पावतीवर लिहून देणार का?